सोळा आण्यांचा चौरस
कोड्यांच्या खेळांतून अपूर्णांक

पुढे वाचण्यापूर्वी एक उदाहरण मनातल्या मनात सोडवा. १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारणपणे किती येईल? अचूक उत्तर नको, फक्त अंदाज हवा. पर्याय चार आहेत : १, २, १९ आणि २१.

१९७८ मध्ये अमेरिकेत शालेय प्रगतीची देशव्यापी पाहणी झाली. तीत तेरा वर्षांच्या मुलामुलींना हाच प्रश्न विचारला होता. १२/१३ म्हणजे जवळजवळ एक. ७/८ म्हणजेही जवळजवळ एक. तेव्हा बेरीज सुमारे दोन. पण हे उत्तर शेकडा २४ मुलांनीच दिले. शेकडा २८ मुलांनी १९ हा पर्याय निवडला आणि शेकडा २७ मुलांनी २१. हे आकडे आले कोठून? १२ आणि ७ या अंशांची बेरीज १९, आणि १३ व ८ या छेदांची बेरीज २१!

या मुलांना बेरीज येत नव्हती असे नाही. बेरीज त्यांनी अगदी बरोबर केली होती. पण १२/१३ ही एक संख्या आहे, हेच त्यांना दिसले नव्हते. त्यांना दिसले ते रेघेच्या वर बसलेले १२ आणि खाली बसलेले १३ असे दोन वेगळे आकडे. तुमच्या घरी तिसरी-चौथीत शिकणारे भावंड असेल, तर त्याला १/३ मोठा की १/४ मोठा, असे विचारून पाहा. ‘चार तीनपेक्षा मोठे, म्हणून १/४ मोठा’ असे उत्तर आले, तर त्याला हसू नका. आजवर शिकलेल्या सगळ्या संख्यांना जो नियम लागू पडला, तोच ते मूल इथेही लावत असते.

हा घोटाळा लहान वयातच सुटला पाहिजे. पुढे येणारी गुणोत्तरे, शेकडेवारी, व्याज, बीजगणितातील समीकरणे या सर्वांचा पाया अपूर्णांकांवर उभा असतो. रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका व ब्रिटन या दोन देशांतील विद्यार्थ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा ते बारा वर्षांच्या वयात ज्यांना अपूर्णांक आणि भागाकार नीट समजले होते, त्यांची पाच-सहा वर्षांनंतरची बीजगणितातील प्रगती चांगली आढळली. मुलाची बुद्धिमत्ता, वाचनाची क्षमता, घरची सांपत्तिक स्थिती या गोष्टी हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

बाजार शिकवीत होता

आपल्याकडे एके काळी मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करीत. औट म्हणजे साडेतीन. ही पाठांतरे केवळ जिभेवर राहत नसत. शाळेतून घरी जाताना दुकानात शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक ही मापे दिसत. शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर आणि त्याचाही निम्मा नवटाक. हातात नाणी असत तीही अशीच : रुपयाचा निम्मा अधेली, तिचा निम्मा पावली, तिचा निम्मा चवली आणि तिचा निम्मा आणा. सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणून तर पूर्ण खऱ्या गोष्टीला आपण अजूनही ‘सोळा आणे खरी’ म्हणतो.

१ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणी आली. त्यानंतर वजने-मापेही मेट्रिक झाली. हिशेब सोपे झाले हे खरेच. पण त्याचबरोबर बाजारातून अर्धा, पाव आणि आठवा भाग हळूहळू नाहीसे झाले. आजचा काटा २५० ग्रॅम दाखवितो, पावकिलो आपण नुसते तोंडाने म्हणतो. पंचवीस पैशांचे नाणेही २०११ मध्ये चलनातून गेले. जो अर्थ पूर्वी बाजार देत होता, तो आता कोणीतरी मुद्दाम द्यायला हवा. हे काम कोड्यांचे खेळ चांगले करतात.

सात तुकड्यांचे कोडे

चीनमध्ये एक जुना खेळ आहे. एका चौरसाचे सात तुकडे करायचे आणि ते जुळवून माणूस, मांजर, होडी, घर असे नाना आकार बनवायचे. तिथे त्याला ‘सात चतुर तुकडे’ अशा अर्थाचे नाव आहे. इतर देशांत तो टॅनग्राम म्हणून ओळखला जातो. त्याचे आज माहीत असलेले सर्वांत जुने पुस्तक १८१३ मधील आहे. पुढच्या चार-पाच वर्षांतच युरोप आणि अमेरिकेत या खेळाचे वेड पसरले. सॅम लॉइड या प्रसिद्ध कोडेकाराने १९०३ मध्ये हा खेळ चार हजार वर्षांचा असल्याचे लिहिले. ती त्याने रचलेली थाप होती, पण पुष्कळांनी ती खरी मानली.

हे तुकडे तुम्ही घरी सहज करू शकाल. १६ सेंटिमीटर बाजूचा कागदाचा एक चौरस घ्या आणि पुढीलप्रमाणे कृती करा.

१. चौरस कर्णावर घडी घालून कापा. दोन त्रिकोण मिळतील.

२. त्यांतील एक त्रिकोण मधोमध दुमडून कापा. हे झाले दोन मोठे त्रिकोण.

३. दुसऱ्या त्रिकोणाचा काटकोनाचा कोपरा समोरच्या लांब बाजूच्या मध्यावर आणून ठेवा. पडलेल्या घडीवर कापा. एक मधला त्रिकोण सुटेल आणि एक समलंब चौकोन उरेल.

४. समलंब चौकोन मधोमध दुमडून कापा. दोन सारखे भाग होतील.

५. एका भागाचे अणकुचीदार टोक त्याच लांब बाजूच्या दुसऱ्या टोकावर आणा आणि घडीवर कापा. एक लहान चौरस आणि एक लहान त्रिकोण मिळेल.

६. दुसऱ्या भागाच्या लांब बाजूवरचा काटकोनाचा कोपरा समोरच्या बोथट कोपऱ्यावर आणा आणि घडीवर कापा. एक लहान त्रिकोण आणि एक समांतरभुज चौकोन मिळेल.

सात तुकडे तयार झाले. ते धाकट्या भावंडाला द्या आणि विचारा, “हा लहान त्रिकोण पूर्ण चौरसाचा कितवा भाग?” ‘तुकडे सात, म्हणून एक सप्तमांश’ असे म्हणण्याचा मोह फार मोठा असतो. इथे चूक सांगू नका. नुसते विचारा, “मग मोठा त्रिकोणही एक सप्तमांशच का?” मूल दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवील आणि थबकेल. अपूर्णांकातले भाग *सारखे* असावे लागतात, हे वाक्य आपण पुस्तकात कितीदा तरी वाचतो. पण ते पटण्याचा क्षण हा असतो.

मग मोजणी सुरू होते. दोन लहान त्रिकोणांनी लहान चौरस बरोबर झाकला जातो. त्याच दोघांनी मधला त्रिकोण झाकला जातो आणि समांतरभुज चौकोनही. मोठा त्रिकोण झाकायला मात्र चार लहान त्रिकोणांएवढी जागा लागते. लहान त्रिकोण दोनच आहेत, तेव्हा त्यांच्या जोडीला लहान चौरस घ्यावा लागतो. या हिशेबाने सगळ्या चौरसात सोळा लहान त्रिकोण मावतात.

सोळा! म्हणजे पूर्ण चौरस हा एक रुपया मानला, तर लहान त्रिकोण एक आणा. मधला त्रिकोण, लहान चौरस आणि समांतरभुज चौकोन या तीन चवल्या. मोठे त्रिकोण या दोन पावल्या. हिशेब करून पाहा : ४ + ४ + २ + २ + २ + १ + १ = १६. चीनमधला हा खेळ आपल्या जुन्या रुपयाशी असा सोळा आणे जुळतो.

मोड म्हणजेच समच्छेद

आता १/४ + १/८ ही बेरीज घ्या. वहीत ती करताना मुले १/१२ किंवा २/१२ लिहून मोकळी होतात. तुकड्यांनी ती करू या. एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या शेजारी लहान चौरस ठेवा. हे दोन तुकडे मिळून किती? दोन तुकडे म्हणून दोन म्हणता येणार नाही, कारण ते सारखे नाहीत. पावली आणि चवली मिळून किती, असे विचारले की वाट सापडते. दोघांची मोड करायची. पावलीचे चार आणे, चवलीचे दोन आणे, मिळून सहा आणे, म्हणजे ६/१६. किंवा सगळ्याच्या चवल्या करा. पावलीच्या दोन आणि ही एक मिळून तीन चवल्या, म्हणजे ३/८. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण जागा तेवढीच व्यापली गेली आहे.

ज्याला आपण ‘समच्छेद करणे’ म्हणतो, ती म्हणजे ही मोड. छेद हे नाण्याचे नाव आहे आणि अंश म्हणजे तशी नाणी किती ती संख्या. पावली आणि चवली यांची नावे मिळवून नवे नाणे होत नाही, म्हणून छेदांची बेरीज करायची नसते. हे एकदा हाताला समजले, की नियम पाठ करावा लागत नाही.

‘कशाचा?’ हा प्रश्न

आता खेळाचा सर्वांत महत्त्वाचा डाव येतो. पूर्ण चौरस बाजूला ठेवा आणि म्हणा, “आजपासून मोठा त्रिकोण म्हणजे एक.” तर लहान त्रिकोण किती झाला? मघाशी तो १/१६ होता, आता तो १/४ झाला. लहान चौरस १/८ होता, तो १/२ झाला. तुकडा बदलला नाही, तो मोजण्याचे माप बदलले. आता लहान त्रिकोणालाच एक म्हणा. मोठा त्रिकोण ४ होईल आणि सगळा चौरस १६.

अर्धा हा शब्द एकटा अपुरा असतो. अर्धा कशाचा? अर्धी भाकरी आणि अर्धे कलिंगड सारखे नसतात, हे मुलाला ठाऊक असते. पण वहीतल्या १/२ कडे पाहताना तो ‘कशाचा’ विसरतो. माप बदलण्याच्या या डावात तो प्रश्न दर वेळी विचारावाच लागतो. शिवाय यातून एकाहून मोठे अपूर्णांकही कळतात. मोठा त्रिकोण एक धरला, तर त्याला एक लहान त्रिकोण जोडला की ५/४ डोळ्यांसमोर दिसतात. एकच भाकरी कापून अपूर्णांक शिकलेल्या मुलाला चारांतले पाच भाग हे अशक्य वाटते, ती अडचण इथे येत नाही.

बारा सेंटिमीटरची पट्टी

सात तुकड्यांच्या खेळात एक उणीव आहे. त्यात निम्म्याचे निम्मे होत जाते, पण तिसरा आणि सहावा भाग सापडत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या करू या. पूर्ण पट्टी १२ सेंटिमीटरची. मग अर्ध्याची पट्टी ६, तिसऱ्या भागाची ४, चौथ्याची ३, सहाव्याची २ आणि बाराव्या भागाची १ सेंटिमीटर. प्रत्येक प्रकारच्या पुरेशा पट्ट्या कापा. बारा हीच संख्या का घेतली? कारण तिला २, ३, ४ आणि ६ या सर्वांनी भाग जातो.

आता सहा चिठ्ठ्यांवर १/२, १/३, १/४, १/६, १/१२ आणि पुन्हा १/१२ असे लिहा. दोघांनी खेळायचे. आळीपाळीने चिठ्ठी उचलायची, तेवढी पट्टी आपल्या पूर्ण पट्टीवर मांडायची आणि चिठ्ठी परत टाकायची. पट्टी बाहेर जात असेल तर डाव फुकट. जो आपली पट्टी बरोबर भरील तो जिंकला. एकच अट : चिठ्ठी उचलण्यापूर्वी आपली किती जागा उरली ते अपूर्णांकात सांगायचे. समजा, १/२ आणि १/३ मांडून झाले. किती उरले? मूल पट्ट्या लावून पाहील आणि म्हणेल, “एक षष्ठांश.” छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज आणि वजाबाकी त्याने एका दमात केलेली असेल. १/४ पेक्षा १/३ मोठा, हे तर त्याला विचारावेही लागणार नाही.

भाकऱ्यांची वाटणी

अपूर्णांकांचा जन्मच वाटणीतून झाला, असे म्हणायला हरकत नाही. इजिप्तमध्ये इ. स. पूर्वी सुमारे १५५० मध्ये आह्मेस नावाच्या लेखनिकाने गणिताची एक पपायरसाची गुंडाळी लिहून काढली. ती आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. तीत दहा माणसांना १, २, ६, ७, ८ आणि ९ भाकऱ्या कशा वाटाव्या, अशी उदाहरणे आहेत. सात भाकऱ्या दहांत वाटायच्या तर आपण प्रत्येकाला ७/१० म्हणू. आह्मेस सांगतो, प्रत्येकाला २/३ आणि १/३० द्या. करून पाहा, बेरीज तीच येते.

यावरून एक कोडे. सहा मुले आणि पाच भाकऱ्या. कोणत्याही भाकरीचे तीनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत, पण वाटणी सारखी झाली पाहिजे. प्रत्येक भाकरीचे सहा तुकडे करता आले असते, पण अटीमुळे तो मार्ग बंद झाला. म्हणून तीन भाकऱ्यांचे अर्धे-अर्धे भाग करा, सहा झाले. उरलेल्या दोन भाकऱ्यांचे तीन-तीन भाग करा, तेही सहा झाले. प्रत्येकाला १/२ + १/३, म्हणजेच ५/६. पाच भाकऱ्या सहांत वाटल्या की ५/६ मिळतात, म्हणजे अपूर्णांक हा एक भागाकारही आहे, हे कोड्यातून आपोआप बाहेर येते.

भास्कराचार्यांचे भुंगे

कोड्यांतून अपूर्णांक शिकविण्याची परंपरा आपल्याकडेही मोठी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अशी कितीतरी उदाहरणे आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नोंदले आहे. शाळेची सहल त्या भागात गेली तर जरूर पाहा.

‘लीलावती’तील भुंग्यांचे उदाहरण असे आहे. एका थव्यातील १/५ भुंगे कदंबाच्या फुलावर गेले, १/३ शिलीन्ध्राच्या फुलावर गेले. या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजाच्या फुलाकडे गेले. एक भुंगा मात्र हवेत इकडेतिकडे भिरभिरत राहिला. तर एकूण भुंगे किती?

तुम्ही ‘क्ष’ मानून समीकरण मांडाल. चौथीतल्या मुलाला ते जमणार नाही, पण कोडे मात्र त्यालाही सुटेल. पाचवा आणि तिसरा भाग दोन्ही घेता यावेत अशी चौकटींची पट्टी काढायची, म्हणजे पंधरा चौकटींची. तिचा १/५ म्हणजे ३ चौकटी, १/३ म्हणजे ५ चौकटी. फरक २ चौकटींचा, त्याची तिप्पट ६. आता ३ + ५ + ६ = १४. एक चौकट उरली आणि भुंगाही एकच उरला. तेव्हा एका चौकटीत एक भुंगा, एकूण भुंगे १५. बीजगणिताचे दार असे अपूर्णांकांच्या अंगणातूनच उघडते.

शिक्षकांसाठी आणि थोरल्या भावंडांसाठी

वस्तू हाताळून गणित शिकविणे ही कल्पना जुनी आहे. बालवाडीचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी एका घनाचे आठ लहान घन करून मुलांच्या हाती दिले. जॉर्ज क्विझनेर या बेल्जियन शिक्षकांच्या १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कांड्या १९५२ नंतर जगभर गेल्या. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे परिसरातल्या स्वस्त वस्तूंतूनही शिक्षणाची साधने होतात, हे दाखवून दिले. वरच्या खेळांनाही कागद, पुठ्ठा आणि कात्री याहून अधिक काही लागत नाही.

पण साधन असले की शिक्षण झाले, असे होत नाही. नुसते मांजर आणि होडी जुळवून अपूर्णांक येणार नाहीत. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, उत्तर सांगण्याची घाई करू नये. तुकडा तुकड्यावर बसतो की नाही, हे तुकडाच सांगतो. चूक कोणी दाखविली नाही, ती आपली आपल्याला दिसली, म्हणजे मूल हिरमुसले होत नाही. दोन, प्रत्येक अपूर्णांकामागे ‘कशाचा?’ हे विचारावे. तीन, डाव झाल्यावर जे हातांनी केले ते वहीत मांडून घ्यावे. पावली आणि चवली जुळविल्यावर लगेच १/४ + १/८ = ३/८ असे लिहिले, तरच हातातला खेळ आणि फळ्यावरची खूण यांची गाठ पडते. काही दिवसांनी मूल तुकड्यांना हात न लावता उत्तर देऊ लागेल. मग तुकडे पेटीत ठेवावे आणि १२/१३ व ७/८ यांची बेरीज सुमारे किती, ते त्याला विचारून पाहावे.

आता तुमच्यासाठी काही कोडी

१. सात तुकड्यांतील दोन मोठे त्रिकोण जुळवून एक चौरस करा. उरलेल्या पाच तुकड्यांचा दुसरा चौरस करा. दोन्ही चौरस सारखेच होतील का? जुळविण्यापूर्वी सांगा.

२. बारा मुलांना सात भाकऱ्या सारख्या वाटा. एकाही भाकरीचे चारपेक्षा जास्त तुकडे करू नका.

३. ‘लीलावती’तील आणखी एक उदाहरण : कमळांच्या एका राशीतील १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला आणि १/४ देवीला वाहिली. उरलेली ६ गुरूंना दिली. एकूण कमळे किती?

४. एका माणसाने १७ उंट मागे ठेवले. थोरल्या मुलाला १/२, मधल्याला १/३ आणि धाकट्याला १/९ द्यावे, असे तो सांगून गेला. एका शहाण्या शेजाऱ्याने आपला एक उंट त्यांत घातला. मग १८ उंटांतून ९, ६ आणि २ अशी वाटणी झाली आणि शेजाऱ्याचा उंट त्याला परतही मिळाला! यातील गोम काय?

उत्तरे

१. होय. दोन मोठे त्रिकोण म्हणजे आठ आणे आणि उरलेले पाच तुकडे म्हणजेही आठ आणे. २. तीन भाकऱ्यांचे चार-चार आणि चार भाकऱ्यांचे तीन-तीन भाग करा. प्रत्येकाला १/४ + १/३, म्हणजे ७/१२. ३. कमळे ६० होती असे माना. मग २० + १२ + १० + १५ = ५७ वाहिली आणि ३ उरली. प्रत्यक्षात ६ उरली, म्हणजे दुप्पट. तेव्हा कमळे १२०. आधी एखादी संख्या मानून घेण्याच्या या रीतीला भास्कराचार्य ‘इष्टकर्म’ म्हणतात. ४. १/२ + १/३ + १/९ = १७/१८. बापाने सगळी मिळकत वाटलीच नव्हती, १/१८ भाग शिल्लक ठेवला होता. मुलांना मिळाले ते भाग १७ चे नव्हेत, १८ चे आहेत. म्हणजे इथेही प्रश्न तोच : अर्धे, पण कशाचे?